सांभारवाली माय

भाजी तराजूत टाकायच्या आधी ती त्यातलं एखादं स्वतःच्या तोंडात टाकायची. धुणं नाही, पुसणं नाही. चवळीची शेंग असो, भेंडी असो, मेथीचं पान असो, वांगं कोवळं असलं तर तेही. कचकन दात लावायचे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघत चावायचं, गिळायचं आणि मगच पारड्याला हात लावायचा. एखादी नवी सून असली की तोंड वाकडं करायची. मायला त्याचं काही नव्हतं. "जे माह्या तोंडात जात नाई, थे तुह्या पिशवीत जात नाई," एवढं सांगून ती पुढच्या भाजीकडे वळायची.

कोथिंबिरीला आमच्या वऱ्हाडात सांभार म्हणतात. तिच्या टोपल्यात बाकी काही असो नसो, सांभार असायचाच, म्हणून अमरावतीच्या आमच्या कॉलनीत ती सांभारवाली माय. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून आत, तिचं माळी कुटुंबाचं घर. दोन एकर ओलिताचं वावर आणि एक विहीर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीनं ती दोन टोपली घेऊन यायची. ठेंगणी, काळीसावळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि पायांत मुलाचे, गजाननचे, जुने बूट. मी तेव्हा इथल्या एका महिला महाविद्यालयात आहारशास्त्र शिकवत होते. विद्यार्थिनी मला मॅडम म्हणायच्या, शेजारी प्राध्यापक बाई म्हणायचे. माय पहिल्या दिवसापासून मला ‘तू’ म्हणाली आणि ते मला आवडलं. आपल्याला ‘तू’ म्हणणारं माणूस अमरावतीत तेव्हा उरलं नव्हतं.

त्या पहिल्याच दिवशी मी तिच्या टोपल्यातली वांगी निवडत होते. भोक असलेलं वांगं बाजूला ठेवत होते.

"काहून काढून राहिली व?" तिनं विचारलं.

"किडकी आहेत ही."

"किडकं नाई थे. अयीनं चाखून पाह्यलं." अळीला ती अयी म्हणायची. "अयी खाऊन जित्ती हाय, म्हंजे तू बी जित्ती राह्यशील. तिले समजते. तू एवढी शिकलेली, तुले समजत नाई काय?"

मी हसले आणि भोक असलेली दोन वांगी घेतली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे वाक्य जरा शुद्ध करून मुलींना ऐकवलं. कुणाचं ते सांगितलं नाही. मुलींनी वहीत उतरवून घेतलं.

फवारणीच्या औषधाचं तिला एवढं वावडं का, हे मी एकदा विचारलं होतं. ओट्यावर बसून ती चहा पीत होती. म्हणाली, "गजाननचा बाप कपाशीच्या पऱ्हाटीत औषध मारत होता. दुपारच्याले दोन ओयीतल्या तासात पडला. मी धावली, उचलला, त्याच्या आंगाले असा वास, का माहं डोकं फिरलं. दवाखान्यातून जित्ता आला, पन नजर गेली. तीन वर्स आंधया बसला खाटंवर अन् मंग गेला." बशीतला शेवटचा घोट तिनं प्यायला. "ज्यानं उभा मानूस पडते, थे मी लोकायच्या पोटात घालू काय?" एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. कुणी दारात "औषध नाही ना मारलं, माय?" असं विचारलं की मात्र भडकायची. "इश्वास हाय तर घे, नाई तर नोको घेऊ. रोज रोज काय शपथ खाऊ?"

कधी कधी ती रिकाम्या टोपल्यानं यायची. पहिल्यांदा मला कळेचना. फाटकात उभी राहून म्हणाली, "आज काई नाई. सगळं अयीनं खाल्लं. थोडा सांभार हाय, थो घे."

"अगं, मग एवढ्या लांब आलीस कशाला? मला फोन करायचा."

"तुमी सगळे वाट पाह्यत असान ना," ती म्हणाली आणि पुढच्या फाटकाकडे गेली. बावीस घरं होती. बावीसही घरांना तिनं दारात जाऊन तेच सांगितलं.

एसटीचाही किस्सा असाच. तिच्या आधारकार्डावर तिचं वय आठ वर्षांनी जास्त लागलं होतं. त्या हिशेबानं ती पंच्याहत्तरीच्या पुढे गेली होती आणि एसटीचा प्रवास तिला फुकट होता. पण माय बायकांचं अर्धं तिकीट काढायची. कंडक्टरनं एकदा कार्ड बघून म्हटलं, "आजी, तुम्हाला तिकीट लागत नाही." ही म्हणाली, "लागते. हे कागद खोटं बोलते. मी मोठ्या पुराच्या वर्साची हावो, माह्या मायनं सांगतलं मले." गाडीतले लोक हसले. कंडक्टर वैतागला. मुलगा गजानन तर घरी डोकं धरून बसला. "सरकारच फुकट देऊन राहिलं, अन् हिले नाई पायजे!" मला मात्र हे फार भावलं. पुढच्याच व्याख्यानात मी तेही सांगितलं.

हो, मी व्याख्यानं द्यायची. ‘आपल्या ताटातलं विष’ हा माझा विषय. महिला मंडळं, शाळा, ज्येष्ठांचे संघ, अकोला, अकोट, परतवाडा, कुठूनही बोलावणं आलं की मी जायची. पडद्यावर मायचा फोटो दाखवायची. टोपलं डोक्यावर, पायांत पोराचे बूट. लोक टाळ्या वाजवायचे. कॉलनीतल्या बावीस घरांचा मी मोबाइलवर गट केला होता, ‘विषमुक्त ताट’ या नावाचा. मंगळवार-शुक्रवारची मागणी त्यावर यायची आणि मी ती गजाननला कळवायची. दोन वर्तमानपत्रांत आमची बातमी आली. दोन्हीकडे माझं नाव आधी होतं आणि तिचं ‘एक महिला शेतकरी’ असं. मी कात्रण तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "चांगलं लिवलं," आणि त्यात सांभार बांधून दिला.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला धूळ लागू नये म्हणून लेकीनं तिला अकोटला नेलं. तिथं ती तीन महिने राहिली. भाजी बंद पडली नाही. गजानन मोटारसायकलवर आणून द्यायचा. उलट भाजी सुधारली होती. वांगी गुळगुळीत, भेंडीवर डाग नाही. राऊत काकू, माझ्या समोरच्या घरातल्या, म्हणाल्या, "पोरगं मायपेक्षा हुशार निघालं हो."

श्रावणात मला एका कार्यक्रमासाठी नवे फोटो हवे होते. न कळवताच मी त्यांच्या वावरात गेले. विहिरीपलीकडच्या पट्ट्यात गजानन वांग्यावर फवारत होता. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा. मला बघून त्यानं नळी खाली केली. वास माझ्यापर्यंत आला होता.

"मॅडम, फोन नाई केला तुमी," तो म्हणाला.

"हे काय चाललंय, गजानन?"

त्यानं दुपट्टा सोडला. तो काही लबाड माणूस नव्हता, हे आधी सांगते. दोन पोरं शाळेत, बायको त्याच्याबरोबर वावरात राबायची. "सांगा मायले," तो म्हणाला. "नाई म्हनत नाई मी. पन एक गोष्ट सांगा मले. तुमच्या कॉलनीतले लोक भोकवालं वांगं घेतात काय? माय अर्धं टोपलं वापस आनते. गाईम्होरं टाकतो आमी थे. लोकायले बिनविषाचं बी पायजे अन् चकचकीत बी पायजे. दोन्ही कुठून आनू?"

भोकवाली वांगी मीही त्या पहिल्या दिवसानंतर कधी घेतली नव्हती.

तो मला घराजवळ घेऊन गेला. गोठ्यामागे चार वाफे होते. त्यात सगळं थोडं थोडं लावलं होतं. "हा घरचा वाफा. इथं थेंब पडत नाई. आमी हेच खातो. माय आली का टोपलं मीच भरीन. वरचा थर इथला राह्यते, खाली तिकडचं. ती वरचंच उचलून खाते ना, तिले काई होत नाई." तो थोडा घुटमळला. "तुमची बी जुडी इथलीच बांधत जाईन, मॅडम. लाल सुतळी लावतो, म्हंजे मिसळनार नाई."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्या शुक्रवारी लाल सुतळीची जुडी माझ्या दारात आली आणि मी ती घेतली.

आज मी स्वतःला विचारते, तेव्हा मी काय विचार केला होता? खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात माझं एक व्याख्यान होतं आणि पडद्यावर दाखवायला मायचे फोटो होते. म्हाताऱ्या बाईला या वयात कशाला धक्का द्यायचा, असं मी मनाशी म्हटलं. हे वाक्य मला फार सोयीचं पडलं. दोन वर्षं पुरलं.

माय अकोटहून परत आली. डोळ्याला धूळ नको, असं सांगून गजानन तिला विहिरीपलीकडे कामाला जाऊ देत नसे. नव्या डोळ्यानं तिला सगळं लख्ख दिसायला लागलं होतं, असं ती म्हणायची. माझी जुडी पुढे करून एकदा म्हणाली, "गजानन तुही जुडी येगळी बांधते. लाल सुतळी लावते. लय मानते पोट्टा तुले." मी जुडी घेतली आणि आत गेले.

ती पूर्वीसारखीच खायची. दारोदार, न धुता, सगळ्यांच्या डोळ्यांत बघत. वरचा थर स्वच्छ असतो हे मला माहीत होतं, म्हणून मी निर्धास्त असायची. एकदा मात्र राऊत काकूंना खालची मोठी वांगी हवी होती. मायनं टोपल्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातलं एक काढलं आणि तोंडाकडे नेलं. मी माझ्या फाटकात उभी होते. "माय!" मी ओरडले. ती थांबली.

"काय व?"

समोर राऊत काकू होत्या. तिच्या हातात वांगं होतं. "काही नाही," मी म्हणाले. "जाताना पाणी पिऊन जा."

"येतो ना," ती म्हणाली आणि तिनं वांग्याला दात लावला.

त्या दिवशी ती माझ्या घरी पाणी प्यायली. मी तिच्यासमोर बसले होते. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुकून चालली तू. लय बोलतं, खात नाई."

दोन वर्षांनी गजानन लग्नाला परतवाड्याला गेला आणि परतीची एसटी चुकल्यानं त्याला मुक्काम करावा लागला. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मायनं टोपलं स्वतः भरायचं ठरवलं आणि उजाडल्याबरोबर विहिरीपलीकडच्या पट्ट्यात गेली. तिथं तिनं काय पाहिलं ते मला पुढे गजाननच्या बायकोनं सांगितलं. मायनं खरं तर काहीच पाहिलं नाही. झाडाशी वाकली आणि तिला वास आला. तो वास तिला ठाऊक होता. नवऱ्याला उचलताना त्याच्या अंगाला आला होता तोच. ती तासातच बसली. सून बोलवायला गेली तर उठेना. त्या मंगळवारी सांभारवाली माय अमरावतीला आली नाही. आम्ही गटावर एकमेकींना विचारत राहिलो.

दुपारी गजानन परत आला. तिनं विचारलं, त्यानं सगळं सांगितलं. आणि शेवटी, स्वतःचा बोजा थोडा हलका करायला, म्हणाला, "मॅडमले तर पयल्यापासून माईत हाय."

बुधवारी सकाळी ती माझ्या फाटकात उभी होती. तिचा वार नव्हता, डोक्यावर टोपलं नव्हतं. टोपल्याशिवाय मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती एकदम लहान दिसली.

"तुले माईत होतं?"

"माय, आधी आत ये. बस."

"बसाले नाई आली. माईत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"तू अकोटला होतीस तेव्हापासून."

ती म्हणाली, "लाल सुतळीची जुडी कोन्या वाफ्यातली?"

मी फाटकाची कडी लावत-काढत राहिले. तिला कळलं.

"म्हंजे तू घरचं खाल्लं," ती सावकाश म्हणाली, "अन् ह्या एकवीस घरायले मी माह्या हातानं..."

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, माय."

"वाटलं असतं वाईट. मंग?" ती म्हणाली. "मंग काय झालं असतं?"

खरंच, काय झालं असतं? तिला वाईट वाटलं असतं. तिनं पोराशी भांडण केलं असतं, पंप विहिरीत टाकला असता, आठ-पंधरा दिवस रिकामं टोपलं घेऊन दारोदार सांगत फिरली असती. याहून वाईट काही झालं नसतं. जे बिघडलं असतं ते माझंच.

"चाल माह्यासंग," ती म्हणाली. "घरोघरी सांगू. तू बी बोल, तुले बोलता येते."

"आज परीक्षा आहे माय. मला कॉलेजला जायचंय."

परीक्षा होती, हे खोटं नव्हतं. दोन वाजता होती. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

ती एकटी गेली. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. प्रत्येक फाटकाशी थांबायची, कडी वाजवायची, बाई बाहेर आली की हात जोडून बोलायची. समोरच राऊत काकूंचं घर, त्यामुळे तिथलं मला ऐकू आलं. "बाई, मी तुमाले दोन वर्स औषधाची भाजी देली. मले माईत नोतं. पन हात माहे होते. मले काय बोलाचं थे बोला."

राऊत काकू म्हणाल्या, "अहो माय, आजकाल कुठे नसतं औषध? आम्ही मिठाच्या पाण्यात धुऊनच घेतो. शुक्रवारी दोडके आणाल ना?"

तिला ते समजलंच नाही. ती तशीच हात जोडून उभी राहिली. काकूंनी पुन्हा दोडक्यांचं विचारलं. पुढच्या घरी एका गृहस्थांनी, मग भाव जास्त का लावत होतात, असं विचारलं म्हणे. एका घरी मुलीनं जाळीच्या दारातूनच, आई पूजेला बसली आहे, असं सांगितलं. बाकीच्यांनी "बरं, बरं" म्हटलं. ती शिव्या खायला आली होती. तिच्या लेखी तेवढं तरी तिचं देणं होतं. एकवीस घरांत तिला एकही शिवी मिळाली नाही.

ती गेल्यावर मी गटावर लिहिलं, ‘काही तांत्रिक अडचणींमुळे भाजी काही दिवस बंद राहील.’ उत्तरादाखल हात जोडलेली पंधरा-सोळा चित्रं आली. मग मी तयार होऊन परीक्षेला गेले.

घरी गेल्यावर तिनं गजाननला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, तिच्या नावानं आता काही विकायचं नाही. आणि दुसरी, सगळं वावर घरच्या वाफ्यासारखं कर, नाही तर घरच्या वाफ्यावरही औषध मार. "आपलं ताट येगळं अन् दुनियेचं येगळं, असं माह्या घरात चालनार नाई." गजाननला दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. सगळ्या वावरात फवारणी बंद केली तर पोरांची शाळा बंद. आणि घरच्या वाफ्यावर फवारायचं म्हणजे स्वतःच्या पोरांच्या तोंडात. तिसऱ्या दिवशी मायनं गोठ्यामागचे चारही वाफे स्वतःच्या हातानं उपटून काढले. सांभारासकट. सून रडत होती, नातवंडं बघत होती. त्यानंतर ती ज्वारीची भाकर, तिखट आणि फार तर बेसन खायची. भाजी तिनं पुन्हा तोंडात घातली नाही. अमरावतीलाही ती पुन्हा आली नाही.

आणि मी? मला त्या हिवाळ्यात अकोल्याच्या एका संस्थेनं सत्काराला बोलावलं. विषमुक्त आहाराच्या प्रसारासाठी. मी गेले. निघताना मी दोनदा नाही म्हणायचं ठरवलं होतं, आणि दोनदा इस्त्रीची साडी पुन्हा काढली. सभागृह भरलेलं होतं. पडद्यावर मायचा फोटो आला, मी एसटीच्या तिकिटाचा किस्सा सांगितला, लोक हसले, काहींनी डोळे पुसले. नंतर चहाच्या वेळी एका बाईंनी विचारलं, "त्या माय नाही आल्या का? त्यांना बघायचं होतं."

"त्यांची तब्येत बरी नसते हल्ली," मी म्हणाले.

हे म्हणताना मला माहीत नव्हतं, पण ते खरं होतं. महिनाभरानं गजाननच्या बायकोचा फोन आला. माय अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी कावीळ सांगितली होती, वयही होतं. मी गेले. गजानन अंगणातच भेटला. "आता काहून आल्या, मॅडम?" तो म्हणाला. त्यात राग कमी आणि थकवाच जास्त होता. आतून मायचा आवाज आला, "कोन हाय रे? बाई हाय काय? चहा मांडाले सांग."

ती भिंतीकडे उशी करून पडली होती. डोळे पिवळे झाले होते, हात काड्यांसारखे. मी खाटेजवळ जमिनीवर बसले आणि अकोल्याचं सगळं सांगितलं. का सांगितलं, मला माहीत नाही. कुणाजवळ तरी ओकायचं होतं आणि तिच्याइतकं जवळचं मला कुणी नव्हतं, असं आज वाटतं.

तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "टाया वाजवल्या काय लोकायनं?"

"हो."

"मंग चांगलं बोलली असशीन." ती हसली, खोकली. मी पाणी पाजलं. "तू चांगलं बोलतं व. मले नाई येत तसं. बोलनं सोडू नोको. पन बोलतानी कवा कवा सोता बी ऐकत जाय."

मी तिचा हात धरला. "माय, मला माफ कर."

"माह्याजवय काय मागतं?" ती म्हणाली. तिनं हात सोडवून घेतला नाही. "माहं काय खाल्लं तू? त्या एकवीस घरायले जाय."

"जाईन," मी म्हणाले.

चहा आला. तिनं मला तो पूर्ण पिऊ दिला आणि मग म्हणाली, "जाय आता. गाडी चुकंल." फाटकापर्यंत गजानन आला नाही. मी वळून पाहिलं तेव्हा तो गोठ्यामागच्या रिकाम्या जागेकडे बघत उभा होता. तिथं नुसती काळी माती होती, भेगा पडलेली.

आठ दिवसांनी ती गेली. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी गटावर श्रद्धांजली लिहायला घेतली होती. ‘एक प्रामाणिक’ एवढं लिहिलं आणि पुढे बोट हलेना. पुसून टाकलं. मग तो गटच बंद केला. कुणी का ते विचारलं नाही. आता आमच्या कॉलनीत भाजी मोबाइलवरून मागवतात, ती चकचकीत असते आणि पिशवीवर हिरवं पान छापलेलं असतं.

मी निवृत्त झाले. व्याख्यानं सोडली. गेल्या वर्षी मात्र परतवाड्याच्या एका महाविद्यालयानं फारच आग्रह केला, तेव्हा मी गेले आणि नेहमीचं काही न बोलता त्या मुलींना हे सगळं सांगितलं. भोकवाली वांगी, लाल सुतळी, खिडकीचा पडदा, दोन वाजताची परीक्षा, अकोल्याचा सत्कार. काही गाळलं नाही. प्राचार्यांनी समारोपात, मॅडमनी किती विनम्रपणे स्वतःकडे दोष घेतला, असं सांगून एका निरक्षर स्त्रीच्या थोरवीला वंदन केलं. टाळ्या झाल्या. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, की मला बरं वाटलं.

कुणाला काही विचारायचं आहे का, असं सूत्रसंचालिकेनं विचारलं. मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. साधीशी, ओढणी खांद्यावर घट्ट पिन केलेली.

"मॅडम, हे तुमच्या कॉलनीतल्या लोकांना सांगितलं का तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले.

"तुम्ही तिथंच राहता ना अजून?"

"हो."

ती आणखी काही विचारेल म्हणून मी थांबले. ती खाली बसली. मग आभारप्रदर्शन झालं.